तलावकाठची तिपाई : मोठ्या कॅमेऱ्याला हलके पाय निवडताना

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हटले जाते. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले आणि पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेलेले लहानमोठे जलाशय येथे गावोगावी आढळतात. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगावसारखा नामांकित तलाव तिकडे गेला, तरी धानाच्या बांध्या, त्यांच्या कडेने जाणारी पाळ आणि पहाटे पाण्यावर तरंगणारे धुके हे दृश्य भंडाऱ्याचेच राहिले आहे. पवनीची तटबंदी, तुमसरजवळचा अंबागड किल्ला, कोका अभयारण्याची किनार आणि वैनगंगेचे रुंद वाळवंट यांची त्यात भर घातली, तर निवांतपणे, एकेक चित्र विचारपूर्वक टिपणाऱ्या छायाचित्रकारासाठी हा प्रदेश खुला खजिनाच ठरतो.

अशा छायाचित्रकारांपैकी काही जण डिजिटलच्या आजच्या काळातही लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्याकडे वळतात. पुढे भिंग, मागे दुधी काच आणि दोहोंमध्ये कापडी किंवा चामडी भाता असे या कॅमेऱ्याचे रूप दीडशे वर्षांत फारसे बदललेले नाही. त्यातील फिल्मचा ताव ४×५ इंचांचा, क्वचित ८×१० इंचांचा असतो. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीशी तुलना केल्यास ४×५ इंचांच्या तावाचे क्षेत्रफळ सुमारे पंधरा पट भरते. तटबंदीच्या दगडांमधील सांध्यापासून क्षितिजावरच्या पळसापर्यंत सारे काही भिंतभर आकारात स्वच्छ दिसते, ते या क्षेत्रफळामुळे.

हा तपशील केवळ हौसेचा नाही. पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी संयुक्त उत्खनन करून प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आणले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी सिद्ध केलेला त्याचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण उभे राहिले. त्याची कोनशिला १९८८ मध्ये बसवली गेली. धरणाचे पाणी अडू लागल्यावर नदीकाठची अनेक गावे आणि शेते जलाशयाखाली गेली. जे बुडाले, त्याचे चित्र आता कोणत्याही कॅमेऱ्याला घेता येणार नाही. जे उरले आहे, गाळाने भरत चाललेले तलाव, खचत चाललेला तट, त्याची बारीकसारीक तपशिलांसह नोंद ठेवायची असेल तर चित्र हललेले असून चालत नाही. म्हणूनच कॅमेऱ्याखालची तिपाई हा दुय्यम प्रश्न राहत नाही.

हादरा येतो कोठून?

हातातील कॅमेऱ्याने भर उन्हात सेकंदाच्या पाचशेव्या भागात चित्र घेण्याची ज्याला सवय आहे, त्याला लार्ज फॉरमॅटचे गणित आरंभी चक्रावून टाकते. आयएसओ १०० ची फिल्म भर उन्हात एफ-१६ या छिद्राला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग मागते. परंतु मोठ्या फिल्मवर जवळचे व दूरचे दोन्ही स्पष्ट हवे असेल, तर छिद्र एफ-३२ पर्यंत लहान करावे लागते. तेथे वेळ सेकंदाच्या पंचविसाव्या भागावर येते. आकाश गडद व्हावे म्हणून लाल फिल्टर चढवला की ती आठपट वाढून सेकंदाचा तिसरा भाग लागतो. हा झाला भर दुपारचा हिशेब. पहाटेच्या तलावावर हीच वेळ अनेक सेकंदांवर जाते, आणि एवढ्या लांब वेळेत बहुतेक फिल्मची संवेदनक्षमता घटत असल्याने प्रत्यक्षात आणखी अधिक वेळ द्यावा लागतो.

या काळात वाऱ्याची एक झुळूक पुरेशी असते. ताणलेला भाता शिडासारखा वारा पकडतो. उथळ विस्तीर्ण पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला पाळीवर कसलाही अडसर नसतो, हे तलावकाठी काम करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. जुन्याजाणत्यांचा छत्रीचा उपाय अजूनही उपयोगी पडतो. कॅमेऱ्याच्या वाऱ्याकडील बाजूस छत्री धरून उभा राहील असा सोबती मिळाला, तर महागड्या तिपाईचे निम्मे काम तोच करतो.

मात्र वाऱ्याहूनही मोठा हादरा छायाचित्रकाराच्या हाताचा असतो. दुधी काचेवर चित्र जुळवून झाले की काचेची स्प्रिंग मागे खेचून फिल्म होल्डर आत सरकवावा लागतो. मग त्यावरची झडप उपसायची. या झटापटीत तिपाई जरा जरी पिळली गेली तरी मघाशी जुळवलेली चौकट सरकते, आणि काच झाकली गेल्यामुळे ती सरकल्याचे कळतही नाही. हे कळते फिल्म धुतल्यावर. एका तावाची किंमत शेकडो रुपयांत असते आणि पहाटेचे ते धुके पुन्हा तसेच येत नाही. लार्ज फॉरमॅटसाठी तिपाई निवडताना ‘ती किती वजन पेलते’ यापेक्षा ‘ती किती पिळली जाते’ हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

दुर्दैवाने जाहिरातींत पहिल्याच प्रश्नाचे उत्तर ठळक अक्षरांत असते. पंचवीस किलो, तीस किलो अशा भारक्षमतेच्या आकड्यांसाठी सर्वमान्य मोजपट्टी नाही. प्रत्येक उत्पादक तो आकडा आपापल्या पद्धतीने ठरवतो. दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करून घेतलेला निर्णय म्हणूनच फारसा भरवशाचा नसतो.

कार्बन म्हणजे काय मिळते?

फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या गित्झो कंपनीने १९९४ मध्ये कार्बन फायबरच्या नळ्यांची तिपाई बाजारात आणली. तोवर छायाचित्रकारांपुढे लाकूड आणि ॲल्युमिनियम हेच मुख्य पर्याय होते. आज अमेरिकेची रियली राइट स्टफ, तैवानची फायझोल, चीनच्या बेन्रो, सिरुई आणि लिओफोटो अशा अनेक कंपन्या या नळ्या वापरतात. चिनी कंपन्यांमुळे हे साहित्य पूर्वीच्या तुलनेत मध्यमवर्गीय खिशाच्या बरेच जवळ आले आहे, तरी ते स्वस्त म्हणता येणार नाही.

कार्बनचे बारीक तंतू इपॉक्सी राळेत बसवून त्यांच्या थरांची नळी तयार केली जाते. ॲल्युमिनियमची घनता पाण्याच्या सुमारे २.७ पट, तर या मिश्रणाची सुमारे १.६ पट. वजनातील बचत मुख्यतः येथे होते. शिवाय धातूच्या नळीत कंपन घुमत राहते, ते या नळीत लवकर विरते. मात्र ‘कार्बन’ हा शब्द ताठपणाची हमी देत नाही. नळीचा ताठपणा तिच्या व्यासावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास वाढवला, तर ताठपणा साधारण व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २८ मिलिमीटरऐवजी ३६ मिलिमीटरची नळी घेतली, की तो दुपटीहून अधिक होतो आणि वजन जेमतेम तीस टक्क्यांनी वाढते. म्हणून बारीक नळ्यांची ‘प्रवासी’ कार्बन तिपाई लार्ज फॉरमॅटखाली ठेवण्यापेक्षा जाड नळ्यांची जुनी ॲल्युमिनियमची तिपाई केव्हाही बरी. नळीवर छापलेले ‘आठ थर’, ‘दहा थर’ हे आकडे फारसे मनावर घेऊ नयेत. थर किती यापेक्षा तंतू कोणत्या दिशेने बसवले आहेत आणि नळी किती रुंद आहे याला महत्त्व आहे.

पायांचे भाग किती, हाही असाच प्रश्न. चार-पाच भागांची तिपाई मिटल्यावर आखूड होते आणि एसटीच्या फळीवर सहज मावते, पण तिचा शेवटचा भाग काठीसारखा बारीक असतो आणि प्रत्येक जोड थोडी लवचीकता आणतो. तीन भागांची तिपाई मिटल्यावर लांब राहते, परंतु उभी केल्यावर अधिक ठाम वाटते. मोठ्या कॅमेऱ्यासाठी वरच्या नळीचा व्यास निदान ३२ मिलिमीटर आणि भाग तीन, हा सुरक्षित पर्याय ठरावा. मधला उंच करता येणारा खांब असेल, तर तो काढून टाकता येतो का ते पाहावे. तीन पायांवर उभ्या केलेल्या वस्तूच्या माथ्यावर पुन्हा एका पायाची काठी उभारण्यात काही अर्थ नाही.

पाठीवरचा हिशेब

अंबागड हा बख्त बुलंद शाहाच्या काळातला डोंगरी किल्ला. माथ्यावर जायचे तर सारे साहित्य पाठीवरून न्यावे लागते. धातूचा ४×५ फील्ड कॅमेरा साधारण अडीच किलो, तीन भिंगे मिळून एक किलोच्या पुढे, सहा फिल्म होल्डर तेवढेच, प्रकाशमापक, काळे कापड, फिल्टर मिळून एक किलो, पिशवी दोन किलो आणि दोन लिटर पाणी. ही बेरीज दहा किलोंच्या घरात जाते. त्यावर शीर्षासह ॲल्युमिनियमची दणकट तिपाई साडेचार-पाच किलोंची भर घालते, तर तेवढीच ठाम कार्बनची तिपाई सुमारे तीन किलोंची. फरक पडतो दीड-दोन किलोंचा, म्हणजे जवळपास पाण्याइतका. विदर्भाच्या एप्रिलात ४३-४४ अंशांवर गड चढताना पाणी कमी करता येत नाही हे लक्षात घेतले, तर या दीड-दोन किलोंचे मोल कळते.

परंतु हाच हिशेब दुसरेही काही सांगतो. धातूच्या कॅमेऱ्याऐवजी दीड किलोचा हलका लाकडी फील्ड कॅमेरा घेतला, तीनऐवजी दोनच भिंगे आणि सहाऐवजी चार होल्डर नेले, तर तिपाई न बदलताही तेवढेच वजन उतरते. जो मुख्यतः मोटारीपासून शंभर पावलांवर, म्हणजे तलावाच्या पाळीवर किंवा पवनीच्या तटाशी काम करतो, त्याने कार्बनसाठी एवढा खर्च करण्याचे फारसे कारण नाही. हा पैसा डोंगर चढणाऱ्याने आणि पाठदुखीने ग्रासलेल्याने जरूर खर्च करावा.

उंचीबाबत मात्र उगाच हाव धरली जाते. दुधी काच डोळ्यांच्या रेषेत यावी एवढीच अपेक्षा असते. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे डोळे साधारण १५८ सेंटिमीटरवर असतात. त्यातून शीर्षाचे दहा आणि काचेच्या मध्यापर्यंत कॅमेऱ्याचे पंधरा सेंटिमीटर वजा केले, की सपाट जमिनीवर १३३ सेंटिमीटरची तिपाई पुरते. पाळीच्या उतारावर एक पाय खाली सोडावा लागतो, म्हणून दीडशेपर्यंतची घ्यावी. त्याहून उंच तिपाईचे वजन बहुधा विनाकारण वाहिले जाते.

शीर्षाचे वजन विसरले जाते हीदेखील नेहमीची चूक. हलके पाय घेऊन त्यावर दीड किलोचे तीन दांड्यांचे शीर्ष चढवले, की बचत संपली. गोळ्याचे शीर्ष हलके असते खरे, पण भाता पुढे ओढलेला जड कॅमेरा गोळा सैल करताच एकदम कलंडतो. यावर एक मधला मार्ग आहे. लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्याच्या पुढच्या व मागच्या चौकटी स्वतंत्रपणे वरखाली आणि तिरक्या करता येतात. तट, देऊळ, झाडे यांच्या उभ्या रेषा सरळ राहाव्यात म्हणून कॅमेरा बहुतेक वेळा समतलच ठेवला जातो आणि चौकट वर सरकवून कळस चित्रात घेतला जातो. अशा कामाला भारी शीर्षाऐवजी साधा समतल करणारा, गोल फिरणारा लहान पाट पुरतो. ज्याला कॅमेरा खाली झुकवून पाण्यातील कमळेही टिपायची आहेत, त्याला मात्र दोन दिशांनी झुकणारे शीर्ष लागेलच.

गाळ, वाळू, ऊन

तिपाईची खरी परीक्षा भंडाऱ्याची जमीन घेते. उन्हाळ्यात तलावाचे पाणी ओसरले की काठाचा गाळ वरून सुकतो आणि आतून ओला राहतो. टोकदार खिळ्यांचे पाय त्यात संथपणे खचत जातात. पाच सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये एक पाय अर्धा मिलिमीटर खचला तरी चित्र गेले. येथे पायांखाली रुंद चकत्या हव्यात. त्यासाठी परदेशी वस्तू मागवण्याची गरज नाही. सुताराकडून कापून घेतलेल्या प्लायवूडच्या तीन चकत्या हे काम करतात. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि तेथील लहान ताटल्याही कामाला येतील, फक्त वाचवलेले वजन मग पितळेत परत येईल.

पाण्यात पाय उभे करायचे असतील तर नेहमीचा क्रम उलटा करावा. एरवी वरचा जाड भाग आधी आणि खालचा बारीक भाग शेवटी उघडला जातो. पाण्यात मात्र सर्वांत खालचा भाग आधी पूर्ण उघडावा, म्हणजे त्याची कडी पाण्याच्या वर राहते. वैनगंगेच्या बारीक वाळूचे दोन कण पिळाच्या कडीत गेले, की ती करकरू लागते आणि तशीच फिरवत राहिल्यास आटे खराब होतात. घरी आल्यावर पाय सुटे करून गोड्या पाण्याने धुणे, पूर्ण वाळवणे आणि आट्यांना किंचित ग्रीस लावणे एवढे पुरते. म्हणून खरेदीपूर्वी पाय हत्याराविना सुटे होतात का, हे विचारून घ्यावे. कोकणात जाणाऱ्याला हा नियम अधिक कडकपणे पाळावा लागतो. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असताना खारे पाणी लागले, तर विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजते.

उन्हाचा प्रश्न निराळा. मे महिन्यात ॲल्युमिनियमचा पाय हाताला चटका देतो, कार्बनचा त्या मानाने सुसह्य असतो. पण कार्बनच्या नळ्या वरच्या सांध्यात बहुधा गोंदाने चिकटवलेल्या असतात आणि नळीची राळ काय किंवा हा गोंद काय, दोहोंनाही अति उष्णता मानवत नाही. विदर्भाच्या उन्हात बंद उभी असलेली मोटार आतून बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. तिपाई तिच्या काचेखाली दिवसेंदिवस पडू देऊ नये.

याहून गंभीर बाब विजेची. कार्बन तंतू विजेचे वाहक आहेत. जून-जुलैत विदर्भात शेतावर वीज पडून माणसे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. उघड्या पाळीवर, भरून आलेल्या आभाळाखाली, उंच उघडलेल्या कार्बनच्या तिपाईशेजारी थांबणे जिवावर बेतू शकते. ढगांचे चित्र कितीही देखणे होणार असले तरी पहिल्या गडगडाटालाच आवरते घ्यावे. शेतातून तिपाई खांद्यावर घेऊन चालताना कमी उंचीच्या वीजतारांकडेही लक्ष असावे.

लाकूड अजून हयात आहे

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. अजिंठ्याच्या लेण्यांची चित्रे आधी रंगांत उतरवणाऱ्या मेजर रॉबर्ट गिल यांनी पुढे कॅमेरा हाती घेतला. त्या पिढीचे सारे काम लाकडी तिपाईवर झाले. विदर्भापुरते बोलायचे तर त्याआधीच्या सर्वेक्षकांचाही उल्लेख करावा लागेल. भारताचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण आरंभणारे विल्यम लॅम्बटन यांचे १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निधन झाले. त्यांचा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता. उपकरण अढळ राहावे यासाठी माणसे काय काय वाहून नेत, याचा अंदाज त्यावरून यावा.

लाकूड कंपन उत्तम शोषते. जर्मनीतील बेर्लेबाख आणि अमेरिकेतील रीज या कंपन्यांच्या लाकडी तिपाया आजही लार्ज फॉरमॅटवाल्यांच्या आवडीच्या आहेत. आपल्याकडे त्याहून स्वस्त मार्ग म्हणजे जमीन मोजणारे वापरतात ती सर्वेक्षणाची तिपाई. सर्वेक्षण उपकरणांसाठी रूरकी प्रसिद्ध असून तेथे बनलेल्या तिपाया बहुतेक मोठ्या शहरांत मिळतात. माथा रुंद असल्याने त्या पिळल्या जात नाहीत, आणि दणकट तर असतातच. मात्र त्यांचा स्क्रू पाच-अष्टमांश इंचाचा असतो, कॅमेऱ्याच्या शीर्षाला तीन-अष्टमांश इंचाचा लागतो. खराद्याकडून जोडतुकडा करून घेतला की काम भागते. वजन पाच किलोंच्या पुढे जाते, पण मोटारीजवळ काम करणाऱ्याला किंवा ८×१० इंचांचा कॅमेरा बाळगणाऱ्याला त्याचे ओझे वाटू नये.

दुकानात काय पाहावे

कार्बनचीच घ्यायची असे ठरले, तर स्वतःचा कॅमेरा बरोबर नेण्याला पर्याय नाही. तिपाई पूर्ण उंचीवर उभी करून कॅमेरा चढवावा, भाता निम्मा ओढावा आणि दुधी काचेवर भिंग टेकवून दूरची एखादी पाटी पाहत कॅमेऱ्याच्या पुढच्या चौकटीवर बोटाने हलकी टिचकी मारावी. पाटीचे थरथरणे एका सेकंदाच्या आत थांबले तर उत्तम. दोन-तीन सेकंद चालू राहिले तर दुसरी पाहावी. मग फिल्म होल्डर दोन-तीनदा आत-बाहेर करावा आणि काच पुन्हा पाहावी. पाटी मूळ जागेवर असली पाहिजे. कॅमेऱ्यावर लेझरचा लहान दिवा चिकटपट्टीने बसवून समोरच्या भिंतीवरील ठिपका किती सरकतो हे पाहिले, तर डोळ्यांना न जाणवणारा पीळही दिसतो.

पाय जेथे माथ्याला जोडलेले असतात तो भाग हाताने पिळून पाहावा, बहुतेक तिपाया येथेच कच्च्या असतात. खाली पिशवी अडकवण्याचा आकडा असेल तर उपयोगी आहे, पण वाऱ्यात झुलणारी पिशवी उलट हादरे देते. ती जमिनीला जेमतेम टेकेल एवढ्या लांबीची दोरी हवी.

वापरलेली कार्बन तिपाई स्वस्तात मिळत असेल तर नळ्यांवर नखाने टिचक्या मारत वरून खाली यावे. ॲल्युमिनियमची नळी आपटल्यावर पोचा येतो आणि दोष दिसतो. कार्बनच्या आतले थर सुटले तरी वरून नळी गुळगुळीतच राहू शकते. आवाज सर्वत्र टणक येत असताना एखाद्या जागी बद्द झाला, किंवा सांध्यापाशी नळी किंचित फिरते असे जाणवले, तर किंमत कितीही कमी असली तरी ती तिपाई तेथेच ठेवून यावे.